गाडी देशी घ्यावी की परदेशी?

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या चमनपाशी पहिल्या मोटारीचा विचार करणाऱ्या तरुण मंडळींत ‘टाटा-महिंद्रा घ्यावी की परदेशी’ असा खल सुरू झाला म्हणजे मला नवल वाटते ते हे, की ज्या शहरालगत शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडा या चेक कंपनीची ऑक्टेव्हिया इथल्याच कामगारांच्या हातून जुळू लागली, आणि ज्या शहरातील मंडळींनी २०१० मध्ये एकदम दीडशे मर्सिडीज घेऊन साऱ्या देशाला स्तिमित केले, तिथे ही सरहद्द अद्याप इतकी ठळक मानली जावी. मारुतीचे बहुतांश भागभांडवल जपानी सुझुकीकडे. उलट जग्वार-लँड रोव्हर २००८ पासून टाटांची मिळकत! तेव्हा कुळापेक्षा गुण पाहावेत. सुरक्षिततेचे म्हणाल तर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी संस्थेचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी टाटांची नेक्सॉन. २०२२ च्या अधिक कडक कसोटीत चाकणला बनणारी स्कोडाची कुशाकही तितकीच उतरली. आमच्या शहागंजच्या बाजारात मात्र हातगाड्यांमधून वाट काढताना आरसे दुमडावे लागतात. म्हणून गाडीची रुंदी जातीने पाहावी, आणि इसार देण्यापूर्वी सुटे भाग सिल्लोड-पैठणकडे किती दिवसांत पोहोचतात, याची खातरजमा करून घ्यावी.