संग्रहालयातले तोतये

काचेच्या पेटीतल्या वस्तूवर सहसा कुणी शंका घेत नाही. खाली पाटी, पाटीवर साल, कोपऱ्यात नोंदणी क्रमांक, एवढ्यावर आपलं समाधान होतं. नेमकी हीच सवय हेरून बँक्सी या निनावी भित्तिचित्रकाराने २००५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या भिंतीवर एक दगडाचा तुकडा गुपचूप लावून दिला. दगडावर सुपरमार्केटची ट्रॉली ढकलणारा आदिमानव, शेजारी म्युझियमच्याच धाटणीची पाटी. काही दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०१८ मध्ये त्याच म्युझियमने तो दगड एका प्रदर्शनात रीतसर मांडला. गंमत झकास; पण ज्याला चिमटा काढायचा त्यानेच पाठ थोपटली, की चिमट्यात काय उरतं?

जोआन फोंतकुबेर्ता या कॅटलान छायाचित्रकाराचं काम जास्त खोल जातं. १९९७ च्या ‘स्पुतनिक’ प्रदर्शनात त्याने इव्हान इस्तोचनिकोव्ह या सोव्हिएत अंतराळवीराचं सगळं दप्तरच मांडलं: बालपणीचे फोटो, गणवेश, सोबत क्लोका नावाची कुत्री. हा वीर १९६८ मध्ये सोयूझ-२ यानातून बेपत्ता झाला आणि नामुष्की टाळण्यासाठी सरकारने त्याचं नावनिशाण पुसलं, अशी ती कथा. एका समूहचित्रात तो हसत उभा आहे, दुसऱ्यात त्याच्या जागी नुसती मोकळी पार्श्वभूमी. चेहरा मात्र फोंतकुबेर्ताचाच! सोयूझ-२ प्रत्यक्षात मानवरहित होतं. सोयूझ-३ मधल्या बेरेगोवोय या अंतराळवीराला त्या यानाशी जोडणी जमली नाही, हे मात्र खरं. ग्रिगोरी नेल्युबोव्ह या खऱ्याखुऱ्या अंतराळवीराला पथकातून काढल्यावर जुन्या फोटोंतूनही खोडलं गेलं, हेही खरं. खऱ्या खाडाखोडीमुळेच ही लोणकढी थाप पचते. पानिपतानंतर उभ्या राहिलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला पकडलं जायचं नव्हतं. इस्तोचनिकोव्हला पकडलं जायचंच असतं. तरीही २००६ मध्ये स्पेनच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही कथा खरी म्हणून सांगितली.

वालिद राद या लेबनॉनच्या कलावंताला मी या सगळ्यांत वरचं स्थान देईन. लेबनॉनचं यादवी युद्ध १९७५ ते १९९० चाललं. १९९१ मध्ये सरकारने सरसकट माफीचा कायदा केला आणि त्या वर्षांचा सर्वमान्य इतिहास लिहायचा राहूनच गेला. रादने ‘द ॲटलास ग्रुप’ नावाची संस्था कल्पून तिचं दप्तर उभारलं. त्यात डॉ. फदल फखूरी या काल्पनिक इतिहासकाराच्या वह्या आहेत. एका वहीत घोड्यांच्या शर्यतीची कात्रणं चिकटवलेली, भोवती हाताने लिहिलेले आकडे. युद्धाच्या काळात मार्क्सवादी, इस्लामवादी, मारोनाइट ख्रिस्ती राष्ट्रवादी आणि समाजवादी इतिहासकार दर रविवारी रेसकोर्सवर जमत, अशी कथा. पैज मात्र घोड्यावर नसे. घोडा रेषा ओलांडण्याच्या किती आधी किंवा नंतर छायाचित्रकार कळ दाबेल, यावर ते पैसे लावत. कात्रणात घोडा नेमका रेषेवर कधीच सापडत नाही. युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांची याहून नेमकी थट्टा मी पाहिलेली नाही. दुसऱ्या एका वहीत १४५ मोटारींची चित्रं आहेत, कारबॉम्बसाठी वापरलेल्या गाड्यांच्याच बनावटीची, त्याच रंगांची. वही खोटी, स्फोट खरे.

ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्टने २०१७ मध्ये व्हेनिसमध्ये समुद्रतळातून काढलेला म्हणून जो ‘खजिना’ दाखवला, त्यात प्रवाळ चढलेला मिकी माउसही होता. डामडौल भरपूर, पण जाब कुणाला विचारला, ते काही कळलं नाही.

याउलट अमेरिकी कलावंत झोई लिओनार्डने १९९३ ते १९९६ दरम्यान केलेली फे रिचर्ड्सची छायाचित्रं. फे ही १९३० च्या दशकातली कृष्णवर्णीय नटी, जी कधी अस्तित्वातच नव्हती. ७८ कृष्णधवल फोटो, काही मुद्दाम चुरगाळून जुने केलेले, टंकलेखित मजकुराची जोड दिलेले. शेरिल ड्युनी या दिग्दर्शिकेच्या १९९६ च्या ‘द वॉटरमेलन वुमन’ या चित्रपटासाठी ते तयार झाले. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये अशा नट्यांच्या वाट्याला मोलकरणीच्या भूमिका यायच्या आणि श्रेयनामावलीत अनेकदा नावही नसायचं. ड्युनीला अशा नट्यांचं खरं दप्तर सापडलं असतं, तर हे फोटो काढावेच लागले नसते. फे काल्पनिक आहे, हे चित्रपट शेवटी स्वतःच सांगून टाकतो.