परदेशस्थ भारतीय आणि वांशिक संघर्ष
लेखांक ५ : डर्बन, जानेवारी १९४९

परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांवरील वांशिक हल्ल्यांचा विचार करताना सामान्यतः एक ठरावीक मांडणी गृहीत धरली जाते. यजमान समाज बहुसंख्य व सत्ताधारी असतो, स्थलांतरित समाज अल्पसंख्य व दुर्बल असतो आणि हिंसा पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाते, अशी ती मांडणी होय. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात १९४९ च्या जानेवारीत जे घडले ते या मांडणीत बसत नाही. तेथे हल्ला करणारे बहुसंख्य असले तरी सत्ताहीन होते, ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनाही मताधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हाती सत्ता होती तो गोरा समाज या संघर्षात वरवर पाहता पक्षकारच नव्हता. म्हणूनच या दंगलीचा अभ्यास करताना दोन समाजांतील वैराइतकाच त्या दोघांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्या व्यवस्थेचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखांकात ‘आफ्रिकी’ हा शब्द तेथील कृष्णवर्णीय मूळ रहिवाशांसाठी वापरला आहे.

तीन थरांची वसाहत

डर्बन हे बंदर तेव्हा ज्या नाताळ प्रांतात होते तो प्रदेश ब्रिटिशांनी १८४३ मध्ये ताब्यात घेतला आणि पुढील दोन दशकांत तेथील किनारपट्टीवर उसाचे मळे उभे राहिले. झुलू शेतकऱ्यांकडे अद्याप स्वतःची जमीन आणि गुरे असल्यामुळे मळेवाले देऊ करीत असलेल्या मजुरीवर वर्षभर राबण्यास ते तयार नव्हते, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी भारतातून गिरमिटिया मजूर आणण्यात आले. गिरमिट म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, नाताळच्या बाबतीत पाच वर्षांसाठी, एकाच मालकाकडे काम करण्याचा बंधनकारक करार. तो मोडणे हा फौजदारी गुन्हा मानला जाई. मद्रासहून निघालेले ‘ट्रूरो’ हे पहिले जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला पोचले आणि १९११ पर्यंत सुमारे १,५२,००० मजूर या पद्धतीने नाताळमध्ये उतरले. याचा एक परिणाम सहसा नजरेआड होतो. भारतीय मजुराचे आगमन मुळातच स्थानिक आफ्रिकी माणसाची मजुरीविषयी घासाघीस करण्याची शक्ती कमी करणारे होते, आणि त्यामुळे दोन्ही समाजांचा संबंध आरंभापासून मालकाच्या सोयीने ठरत गेला.

करार संपल्यावर बहुतेक मजूर तेथेच राहिले. त्यांपैकी अनेकांनी शहराच्या कडेने छोटे तुकडे खंडाने किंवा विकत घेऊन भाजीपाला पिकवला, काही फेरीवाले झाले, तर काही रेल्वे आणि नगरपालिकेच्या नोकरीत शिरले. त्यांच्या पाठोपाठ स्वखर्चाने आलेले व्यापारी होते, ज्यांना तेथे ‘पॅसेंजर इंडियन’ म्हणत. त्यांत गुजराती मुसलमान आणि हिंदू व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता. कोकणातून गेलेल्या मुसलमानांची वस्ती मात्र मुख्यतः केप टाउनमध्ये झाली. हे व्यापारी स्वस्त भावात आणि उधारीवर माल देत असल्यामुळे गोऱ्या दुकानदारांना त्यांची स्पर्धा खुपू लागली. गिरमिटमुक्त भारतीयांवर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवणारा १८९५ चा कायदा, मतदारयादीचे दार भारतीयांना बंद करणारा १८९६ चा कायदा आणि व्यापारी परवाने देण्या-नाकारण्याचे अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती ठेवणारा १८९७ चा कायदा ही या असंतोषाची फळे होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेल्या ठरावानंतर नाताळसाठीची गिरमिट भरती १९११ मध्ये थांबली आणि १९१२ मध्ये गोखल्यांनी स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. परंतु तोवर भारतीय हा तेथील समाजरचनेचा कायमचा घटक होऊन गेला होता.

या घटकाच्या आरंभीच्या राजकारणाची दिशाही लक्षात घेण्याजोगी आहे. डर्बनच्या टपाल कचेरीला गोऱ्यांसाठी एक आणि आफ्रिकी व भारतीयांसाठी मिळून एक अशी दोन प्रवेशद्वारे होती. नाताळ इंडियन काँग्रेसने, म्हणजे मोहनदास गांधी ज्या संस्थेचे पहिले चिटणीस होते तिने, १८९५ मध्ये याविरुद्ध तक्रार केली. तिची परिणती भेद नष्ट होण्यात न होता तिसरे प्रवेशद्वार निर्माण होण्यात झाली आणि संस्थेने ते आपले यश मानले. आपण ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्यामुळे आपली गणना आफ्रिकी लोकांत होऊ नये, हा त्या काळातील भारतीय पुढाऱ्यांचा युक्तिवाद गोऱ्यांच्या वंशश्रेणीला आव्हान देत नव्हता. त्या श्रेणीत एक पायरी वर जागा मागत होता. गांधींची भूमिका पुढे व्यापक झाली, तरी व्यापारी वर्गाची ही वृत्ती दीर्घकाळ टिकली.

समाजशास्त्रात अशा स्थितीसाठी ‘मध्यस्थ अल्पसंख्याक’ ही संकल्पना वापरली जाते आणि तिची सविस्तर मांडणी एडना बोनासिक यांनी १९७३ मध्ये केली. सत्ताधारी आणि बहुसंख्य गरीब यांच्यामध्ये व्यापार, सावकारी, वाहतूक, घरभाडे असे व्यवहार सांभाळणारा परका समाज म्हणजे मध्यस्थ अल्पसंख्याक. त्याचा ग्राहकांशी रोजचा संबंध येतो, तर धोरणे ठरवणारी सत्ता दूर आणि अदृश्य राहते. साहजिकच व्यवस्थेविरुद्धचा राग त्याच्यावर निघतो. ही संकल्पना डर्बनला एका दुरुस्तीनेच लागू पडते. तेथील बहुसंख्य भारतीय व्यापारी नव्हते. ते कामगार, शेतमजूर आणि बेकार होते. व्यापारी वर्ग संख्येने लहान असूनही त्याची प्रतिमा संपूर्ण समाजाला चिकटली.

केटो मॅनर : भाडे, बस आणि परवाना

शहराच्या पश्चिमेकडील केटो मॅनर या डोंगराळ भागात हे संबंध सर्वांत गुंतागुंतीचे झाले. तेथे भारतीय माळ्यांनी जमिनी घेतल्या होत्या आणि १९३२ मध्ये तो भाग नगरपालिकेच्या हद्दीत आला. आफ्रिकी माणसाला शहरात जमीन घेता येत नव्हती आणि १९२३ च्या नागरी क्षेत्र कायद्यानुसार शहरातील त्याचे वास्तव्य केवळ गोऱ्यांच्या श्रमाच्या गरजेपुरते मानले जाई. त्याच्यासाठी घरे बांधण्यास नगरपालिका फारशी राजी नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखाने वाढले आणि खेड्यांतून हजारो लोक डर्बनला आले, तेव्हा केटो मॅनरच्या भारतीय जमीनमालकांनी भाजीच्या वाफ्यांपेक्षा झोपड्यांचे भाडे अधिक किफायतशीर असल्याचे ओळखले आणि पत्रे, फळ्या व मातीच्या भिंतींची दाट वस्ती उभी राहिली. पाणी, गटारे, रस्ते यांची जबाबदारी नगरपालिका घेत नव्हती आणि मालकही घेत नव्हते.

या वस्तीतील आफ्रिकी माणूस सकाळी भारतीय मालकाच्या बसने कामाला जाई, संध्याकाळी भारतीयाच्या दुकानातून मक्याचे पीठ घेई आणि महिन्याच्या शेवटी भारतीयालाच भाडे देई. बसमधील अपमानास्पद वागणूक, सुटे पैसे देण्यातील फसवणूक, युद्धकाळातील टंचाईत चढ्या भावाने होणारी विक्री आणि भारतीय पुरुषांचे आफ्रिकी स्त्रियांशी असलेले जबाबदारी नाकारणारे संबंध या तक्रारी वारंवार होत असत, आणि त्या सर्वस्वी निराधार नव्हत्या. त्याच वेळी उदयाला येऊ पाहणाऱ्या आफ्रिकी व्यापाऱ्यांना दुकानाचे आणि बसमार्गाचे परवाने मिळणे अत्यंत कठीण होते. परवाने देणारी यंत्रणा गोऱ्यांची असली तरी प्रत्यक्ष मार्गावर भारतीयाची बस धावताना दिसे, त्यामुळे अडथळा भारतीयाचाच वाटे. कारखान्यांतही असेच घडत होते. डनलॉपच्या रबर कारखान्यात १९४२-४३ मध्ये संपावर गेलेल्या भारतीय कामगारांच्या जागी आफ्रिकी कामगार घेण्यात आले, म्हणजे गिरमिटीच्या काळातील डाव उलट बाजूने खेळला गेला.

याच दशकात गोऱ्या मतदारांमध्ये भारतीयविरोधी प्रचाराला उधाण आले होते. श्रीमंत भारतीय गोऱ्या वस्त्यांत घरे घेत असल्याची ओरड झाल्यावर १९४३ मध्ये अशा खरेदीवर निर्बंध घालणारा ‘पेगिंग ॲक्ट’ आणि १९४६ मध्ये अधिक व्यापक असा आशियाई जमीनधारणा कायदा झाला. त्याविरुद्ध डॉ. मॉन्टी नायकर आणि डॉ. युसुफ दादू यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र प्रतिकाराची चळवळ उभी राहिली व सुमारे २,००० सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि विजयालक्ष्मी पंडित यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. मे १९४८ मध्ये सत्तेवर आलेल्या मालान यांच्या नॅशनल पक्षाने तर भारतीय हे देशाचे घटकच नसून त्यांना परत पाठवले पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. भारतीय हा नको असलेला परका आहे, हे सत्ताधारीच उघडपणे सांगत असताना त्याच्यावर हात उगारल्यास फारसे काही होणार नाही, असा समज रस्त्यावर पसरणे अनपेक्षित नव्हते.

१३ आणि १४ जानेवारी

गुरुवार, १३ जानेवारी रोजी संध्याकाळी, कामावरून परतणाऱ्यांची बसथांब्यांवर गर्दी असताना, व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या भारतीय बाजाराजवळ एका भारतीय दुकानदाराने चौदा वर्षांच्या आफ्रिकी मुलाला मारहाण केली आणि काच लागून मुलाचे डोके रक्तबंबाळ झाले. मुलगा वाचला, परंतु भारतीयाने त्याला ठार मारल्याची अफवा रांगांमधून पसरली आणि बाजारपेठेतील भारतीयांवर दगडफेक सुरू झाली. पहिल्या रात्री हिंसेचे स्वरूप मुख्यतः मारहाण व लुटालूट असे होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कामगारांच्या वसतिगृहांतून काठ्या घेतलेले जमाव बाहेर पडले आणि केटो मॅनरसह उपनगरांमध्ये घरे पेटवणे, स्त्रियांवर अत्याचार आणि हत्या सुरू झाल्या. कित्येक आफ्रिकी शेजाऱ्यांनी भारतीय कुटुंबांना आपल्या घरात लपवले, तर काही ठिकाणी गोरे बघे जमावाला चिथावणी देत असल्याचे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले. पोलिसांनी प्रारंभी हात आखडता घेतला. पुढे लष्कर आणि नौदलाच्या तुकड्या उतरल्यावर मात्र बेछूट गोळीबार झाला.

अधिकृत आकड्यांनुसार १४२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ८७ आफ्रिकी, ५० भारतीय व एक गोरा होता आणि चौघांची ओळख पटली नाही. जखमींची संख्या १,०८७ होती. २४७ घरे व ५८ दुकाने पूर्णपणे नष्ट झाली आणि हजारो भारतीयांना निर्वासित छावण्यांत आसरा घ्यावा लागला. हल्ल्याचे लक्ष्य भारतीय असूनही मृतांत आफ्रिकी लोक अधिक आहेत, याचे कारण पोलीस व लष्कराच्या गोळ्यांत सापडते. या दोन दिवसांत मध्यस्थ थर आणि तळाचा थर असे दोघेही मारले गेले, आणि व्यवस्थेचा कर्ता असलेला थर जवळजवळ अस्पर्श राहिला.

अन्वयार्थ आणि परिणाम

दंगलीनंतर न्या. व्हान डेन हीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला, परंतु आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि नाताळ इंडियन काँग्रेस यांच्या वकिलांना साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यास आयोगाने परवानगी नाकारल्यामुळे दोन्ही संस्थांनी कामकाजातून अंग काढून घेतले. सरकारच्या मते ही दोन भिन्न वंशांतील स्वाभाविक तेढ होती आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणे. काँग्रेस पुढाऱ्यांच्या मते हा गोऱ्यांच्या ‘फोडा आणि झोडा’ नीतीचा परिपाक होता. तिसरा अन्वयार्थ आफ्रिकी व्यापारी आणि झोपडीमालकांचा होता आणि त्यांच्या दृष्टीने ही भारतीय मक्तेदारीतून झालेली सुटका होती. जेथून भारतीय निघून गेले, तेथे बसमार्ग व दुकाने आपल्याला मिळावीत अशी मागणी त्यांनी लगेच केली.

यांपैकी सरकारी स्पष्टीकरण सर्वांत दुबळे आहे, कारण तेढ स्वाभाविक असती तर शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना लपवले नसते. मात्र दुसरे स्पष्टीकरणही पुरेसे नाही. परवाना, जमीन आणि मत यांच्या वाटपात कायद्याने केलेला भेद हे दंगलीचे मूळ होते हे खरे. पण त्या भेदातून मिळालेल्या छोट्या लाभाला चिकटून राहणे आणि आफ्रिकी ग्राहकाला तुच्छ लेखणे हे भारतीय समाजाचे स्वतःचे वर्तन होते, आणि त्याचा दोष केवळ राज्यकर्त्यांच्या माथी मारता येत नाही. अशा तुच्छतेला स्वतंत्र मुळे होती. जातिश्रेणीची सवय त्यांपैकी एक होती.

परिणामांचे दोन प्रवाह दिसतात. राजकीय प्रवाह ऐक्याचा होता. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे डॉ. ए. बी. झुमा, डॉ. नायकर आणि डॉ. दादू यांनी मार्च १९४७ मध्ये केलेला सहकार्याचा करार, जो ‘तीन डॉक्टरांचा करार’ म्हणून ओळखला जातो, तोवर प्रायः कागदावर होता. दंगलीनंतर आफ्रिकी आणि भारतीय संघटनांचे पुढारी एकत्र फिरले, फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांनी संयुक्त निवेदन काढले, आणि १९५२ ची कायदेभंगाची चळवळ व १९५५ चे क्लिपटाउन येथील लोकांचे अधिवेशन याच वाटेने उभे राहिले. शासकीय प्रवाह याच्या नेमका उलट होता. १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने प्रत्येक वंशासाठी वेगळी वस्ती ठरवण्यात आली. केटो मॅनर रिकामे करून आफ्रिकी कुटुंबांना क्वा-माशू व उम्लाझी येथे आणि भारतीय कुटुंबांना चॅट्सवर्थ येथे हलवण्यात आले. पुढे भारतीयांसाठी फिनिक्स ही आणखी एक वसाहत झाली. ज्या मिश्र वस्तीत हिंसा झाली आणि जेथे शेजारधर्मही टिकला, तीच नाहीशी झाली.

या विभाजनाने संघर्ष थांबला नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये फिनिक्सला लागून असलेल्या इनांडा भागातून भारतीयांना पळून जावे लागले आणि गांधींनी १९०४ मध्ये स्थापन केलेला आश्रम जाळण्यात आला. जुलै २०२१ मध्ये माजी अध्यक्ष जेकब झुमा यांच्या तुरुंगवासानंतर उसळलेल्या अराजकात, पोलीस निष्प्रभ ठरले असताना, फिनिक्समधील शस्त्रधारी रहिवाशांनी रस्ते अडवले आणि त्या परिसरात ३६ माणसे मारली गेली, त्यांत बहुतांश आफ्रिकी होती. १९४९ च्या तुलनेत येथे मारणारे आणि मरणारे यांची बाजू पालटली होती. वर्णभेदाचे कायदे १९९४ पूर्वीच रद्द झाले असले, तरी त्या कायद्यांनी आखलेला शहराचा नकाशा व त्या नकाशातून जोपासली गेलेली भीती कायम होती.

मध्यस्थ थराची सुरक्षितता नेहमी वरच्या थराच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि ती मर्जी संपली की त्याच्याजवळ शेजाऱ्याच्या सद्भावनेखेरीज दुसरे काही उरत नाही. नाताळच्या भारतीय पुढाऱ्यांना टपाल कचेरीच्या तिसऱ्या प्रवेशद्वारापासून संयुक्त लढ्यापर्यंत पोचण्यास अर्धशतक लागले, आणि पुढाऱ्यांचे ऐक्य झाल्यावरही बसमध्ये, दुकानात आणि भाड्याच्या खोलीत ते उतरण्याचे काम अपुरेच राहिले. डर्बनमध्ये राज्यसत्ता हिंसेच्या मागे राहून काम करीत होती. राज्यसत्ता स्वतःच पुढे होऊन संपूर्ण समाजाला नव्वद दिवसांत देशाबाहेर काढते तेव्हा काय घडते, याचा विचार पुढील लेखांकात युगांडातील १९७२ च्या हकालपट्टीच्या संदर्भात केला जाईल.