रान मोठी, सुरी लांब

इंदूरच्या पलासियात उभं राहून मांस कापायच्या सुरीवर बोलायला थोडं धाडस लागतं. इथली छप्पन दुकान गल्ली ओळखली जाते ती खोबऱ्याच्या पॅटिससाठी, शिकंजीसाठी आणि थंडीतल्या गराडूसाठी. त्याच रांगेतल्या जॉनी हॉट डॉगवर मटणाचा हॉट डॉग मिळतो खरा, पण त्यात सॉसेज नसतं, पावात टिक्की असते. सुरीला तिथे काही कामच नाही.

आपल्या मराठी घरांतही सुरी मटणापर्यंत फारशी पोचलेली नाही. खाटकासमोर उभं राहायचं, 'भिया, चाप जरा ज्यादा, सीना कम, और नळी जरूर डालना' असं इंदुरी थाटात सांगायचं आणि तुकडे पिशवीत घालून घरी यायचं. कापाकापी सगळी त्याच्या ओंडक्यावर. हा ओंडका बहुधा चिंचेचा असतो, कारण चिंचेचं लाकूड चिवट, सत्तुराचे घाव सोसतं आणि त्याचा भुगा मटणात उतरत नाही. काही खाटीक तर सुरा पायाच्या बोटांत उभा धरतात आणि मांसच पात्यावरून ओढतात. आपल्या विळीचंही तेच तंत्र: पातं जागच्या जागी, हलतो तो हात.

अडचण येते ती घरात मोठा ओव्हन आल्यावर. दीड-दोन किलोची अख्खी रान, म्हणजे बकऱ्याची मांडी, मॅरिनेट होते, झकास भाजली जाते, टेबलावर येते, टाळ्या पडतात. मग यजमान कांदा चिरायची सुरी घेऊन तिच्यावर तुटून पडतात आणि काप पडण्याऐवजी चिंध्या होतात.

नऊ इंच आणि कायदा

भारतातल्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांचा एक वर्ग आहे. तलवारी, खंजीर, संगिनी यांच्या पंगतीत तिथे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरीही बसवली आहे. घाबरू नका. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या सुऱ्या यातून वगळल्या आहेत. गंमत अशी की भाजलेल्या मांसाचे काप काढायला चांगली सुरी लागते ती १० ते १२ इंचांची, म्हणजे या रेषेच्या नेमकी पलीकडची. तेव्हा ती स्वयंपाकघरातच राहू द्या. कमरेला खोचून राजवाड्यावर फिरायला जाऊ नका.

एवढी लांबी हवी कशाला? काप एका ओढीत सुटायला हवा म्हणून. पातं मांसाच्या रुंदीहून बरंच लांब असलं की टाचेपासून टोकापर्यंत एकदाच सरकतं आणि खाली दाबावं लागत नाही. आखूड सुरीनं करवतीसारखं पुढं-मागं करावं लागतं, प्रत्येक फेरीला कापावर एक पायरी उमटते आणि रस ताटलीत उतरतो. पातं अरुंदही हवं, कारण रुंद पात्याला मांस चिकटतं.

दुकानात दोन सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतील. टोकदार, ८ ते १० इंची ती हाडाभोवती फिरायला. गोल टोकाची, अधिक लांब ती बिनहाडाच्या मांसाचे सलग काप काढायला. रान हाडासकट भाजणार असाल तर टोकदार घ्या, पण दहा इंचांची. माझं मत विचाराल तर एका घराला तेवढी एक पुरते. सात सुऱ्यांचा लाकडी ठोकळ्यातला संच दिसतो रुबाबदार, त्यातल्या पाच मात्र धूळ खातात.

काही पात्यांच्या दोन्ही अंगांना लंबगोल खळगे असतात. ही शोभा नाही. खळग्यात हवा राहते आणि काप पात्याला चिकटून बसत नाही. ही युक्ती १९२८ची, इंग्लंडमधल्या शेफील्डची. थंड, मऊ मांसावर तिचा उपयोग जाणवतो. गरम रानेवर फारसा नाही, त्यामुळे केवळ खळग्यांसाठी जादा पैसे मोजू नका. त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. हाती आलं ते न गंजणारं पोलाद. आज आपल्या घरचे डबे, ताटं, सुऱ्या सगळं त्याचंच.

जपानी सुरीची गोष्ट वेगळी. जपानमध्ये १८७२ साली सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि शतकानुशतकांचा संकोच सुटू लागला. १८७६मध्ये कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी आली आणि तलवारी घडवणाऱ्या कित्येक हातांना वेगळं काम शोधावं लागलं. जपानी सुऱ्यांचं पोलाद जर्मन सुऱ्यांपेक्षा सहसा कडक असतं. धार पातळ बसते आणि टिकते, पण हाडावर आपटली की टवका उडतो. बकऱ्याच्या नळीशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी जर्मन ढंगाची, जरा मऊ पोलादाची सुरी घ्यावी. हाड फोडायला सत्तूर आहेच.

चीनमधल्या च्वांग्झी या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथात बैल कापणारा एक बल्लव भेटतो. साधा खाटीक महिन्याला सुरा बदलतो, चांगला वर्षाला, आणि याचा एकच सुरा १९ वर्षं चाललेला, धार नव्यासारखी. त्याचं गुपित असं की तो हाडावर घाव घालतच नाही. सांध्यांमधल्या फटी शोधतो आणि पातं त्यातून सरकवतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा सल्ला रानेच्या गुडघ्याला आजही लागू आहे.

माळव्यातली ताटं

आपल्याकडे हे सगळं परकं होतं असं मात्र नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यातल्या अन्नाच्या भागात डुक्कर भाजून कापायच्या कृती आहेत. गोव्यात जिभेचा रोस्ट आधी अख्खा शिजतो, थंड होतो आणि मगच त्याचे पातळ काप निघतात. थंड मांस घट्ट बसतं, सुरीखाली पळत नाही.

माळव्यातच रतलामजवळच्या सैलाना संस्थानच्या दिग्विजयसिंहांनी राजघराण्याच्या पाककृतींचं पुस्तक १९८२ मध्ये इंग्रजीत काढलं. इंदूरजवळ महूची छावणी वसली १८१८ मध्ये, महिदपूरच्या लढाईत होळकर हरल्यानंतर. साहेब आला म्हटल्यावर रविवारचा रोस्ट, लांब सुरी आणि दोन दात्यांचा काटा मागोमाग येणारच. पुढे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात आपला माणिकबाग महाल सजवला, तेव्हा चांदीचं सामान पॅरिसच्या ज्याँ प्वीफोर्काकडून आलं. हे मला फार आवडतं: धनगरी मुळाचं, खंडोबाला मानणारं घराणं आणि टेबलावर युरोपातली सगळ्यात आधुनिक चांदी.

राजांना सुऱ्यांची धास्तीही वाटे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६९ साली टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली, रस्त्यावर आणि जेवणाच्या टेबलावरही. जेवणातली सुरी बोथट टोकाची का, त्याचं एक कारण हे.

कापण्याआधी

भाजलेली रान पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या, नाहीतर पहिल्याच कापाला रस वाहतो. मग मांसाचे धागे कोणत्या दिशेनं जातात ते पाहा आणि त्यांना आडवं कापा. धागे आखूड झाले की चावायला कमी कष्ट. जून बोकडाची रानही अशी कापली तर बरीच सुसह्य होते. रानेत स्नायूंचे गट वेगवेगळ्या दिशेनं जातात, त्यामुळे मध्येच रान फिरवावी लागेल. लाज वाटू देऊ नका.

सुरीचा खरा शत्रू आपला ग्रॅनाइटचा ओटा. काच, संगमरवर, स्टीलचं ताट हीही त्याच जातीची. दगडावर दहा-बारा वार झाले की महागातली सुरीही टोमॅटोवरून घसरते. खाली लाकडाचा पाट ठेवा. सुरीसोबत येणारी लांब पोलादी कांडी धार लावत नाही, वाकलेली धार सरळ करते, म्हणून ती दर वेळी कापण्याआधी चार-दोनदा फिरवायची. खरी धार दगडावर. सायकलचं चाक फिरवत ठिणग्या उडवणाऱ्या धारवाल्याकडे सत्तूर खुशाल द्या. पातळ पात्याची सुरी देऊ नका. त्या वेगात पोलाद तापलं तर त्याचं पाणी उतरतं, आणि पुन्हा चढवणं धारवाल्याच्या हातात नसतं.

सुरी मुंबईहून विमानानं आणत असाल तर ती चेक-इनच्या बॅगेत, पुठ्ठ्यात गुंडाळून. रान मात्र इंदूरच्याच खाटकाकडून घ्या, आणि 'भिया, तुकडे मत करना' हे आधीच सांगा. नाहीतर सवयीनं सत्तूर चालवून तो मोकळा झालेला असतो.