पँडोरा बॅटरी

पँडोरा बॅटरी ही सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल (पीएसपी) या गेम कन्सोलसाठी वापरली जाणारी, अनुक्रमांक बदललेली बॅटरी होय. ती बसविली असता कन्सोल दुरुस्ती अवस्थेत सुरू होतो. फर्मवेअरमध्ये फेरफार करताना बंद पडलेले पीएसपी पुन्हा चालू करण्यासाठी २००७ पासून तिचा वापर होऊ लागला.

पार्श्वभूमी

पीएसपी १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. वापरकर्त्यांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम चालविता यावेत म्हणून फर्मवेअरची जुनी किंवा बदललेली आवृत्ती बसविण्याची प्रथा लवकरच पडली. पीएसपी-१००० मध्ये फर्मवेअर ३२ मेगाबाइटच्या फ्लॅश मेमरीत असते. तेथे लिहिताना वीज गेली किंवा चुकीच्या फाइली लिहिल्या गेल्या, तर कन्सोल सुरूच होत नाही. अशा निरुपयोगी यंत्राला इंग्रजीतील विटेच्या शब्दावरून 'ब्रिक' म्हणतात. ऑक्टोबर २००५ मध्ये जुनी आवृत्ती बसवून देण्याच्या मिषाने फर्मवेअरच्या फाइली पुसून टाकणारा एक प्रोग्रॅम पसरला होता. सिमँटेक कंपनीने त्याला 'ट्रोजन.पीएसपीब्रिक' असे नाव दिले.

लक्षणे

अंशतः बिघडलेल्या कन्सोलचा पडदा उजळतो, परंतु त्रुटीचा संदेश दिसतो. बदललेले फर्मवेअर असल्यास 'आर' बटण दाबून धरून यंत्र चालू केल्यावर दुरुस्तीची यादी उघडू शकते. तशी ती उघडल्यास पँडोरा बॅटरीची गरज सहसा भासत नाही. पूर्णतः बिघडलेल्या कन्सोलचा हिरवा दिवा लागतो, पडदा काळाच राहतो आणि थोड्या वेळाने दिवाही विझतो.

कार्यतत्त्व

पीएसपीच्या प्रोसेसरमध्ये न पुसता येणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो एरवी फ्लॅश मेमरीतील प्रारंभिक प्रोग्रॅम वाचून पुढील काम त्याच्याकडे सोपवितो. बॅटरीच्या अनुक्रमांकातील सर्व ३२ बिट १ असल्यास मात्र प्रारंभिक प्रोग्रॅम मेमरी स्टिकवरून वाचला जातो. ही सोय मुळात निर्मात्याच्या दुरुस्ती केंद्रांसाठी होती. फ्लॅश मेमरीतील मजकूर कितीही बिघडला, तरी हा मार्ग खुला राहतो.

कृती

बॅटरी दोन प्रकारे तयार करता येते. पहिल्या प्रकारात चालू स्थितीतील दुसऱ्या पीएसपीवर प्रोग्रॅम चालवून अनुक्रमांक बदलतात. तो पुढे पूर्ववत करता येतो. दुसऱ्या प्रकारात बॅटरीचे आवरण उघडून आतील स्मृतिचिपची पाचवी पिन सोडवितात. लिथियम-आयन बॅटरीत धातूच्या अवजाराने शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते, म्हणून पहिला प्रकार अधिक सुरक्षित आहे.

मेमरी स्टिकवर प्रारंभिक प्रोग्रॅम नेहमीच्या फाइलींबाहेरील ठराविक जागी लिहावा लागतो; केवळ फाइल चिकटवून तो चालत नाही. बॅटरी बसविताच कन्सोल बटण न दाबता चालू होतो व पडद्यावर यादी येते. तीमधून फर्मवेअर बसविल्यावर साधी बॅटरी लावून यंत्र सुरू करतात. या कामासाठी 'डार्क अ‍ॅलेक्स' या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरचे 'देस्पेर्तार देल सेमेंतेरिओ' हे साधन विशेष प्रचलित झाले. या स्पॅनिश नावात मृतांना स्मशानातून जागे करण्याची कल्पना आहे.

मर्यादा

ही बॅटरी पीएसपी-१००० आणि सुरुवातीच्या पीएसपी-२००० कन्सोलांवर चालते. टीए-०८८ व्ही३ हा मदरबोर्ड असलेल्या पीएसपी-२००० वर, तसेच पीएसपी-३००० वर ती चालत नाही.

फर्मवेअर सर्व कन्सोलांसाठी सामायिक असल्याने ते पुन्हा मिळविता येते. परंतु फ्लॅश मेमरीतील 'आयडी स्टोरेज' या भागात त्या एकाच यंत्राची माहिती असते, उदाहरणार्थ वाय-फायचा पत्ता व प्रदेश-संकेत. हा भाग नष्ट झाल्यास फर्मवेअर नव्याने बसवूनही दोष राहू शकतात आणि दुसऱ्या यंत्राची प्रत वापरून ते नीट दूर होत नाहीत. म्हणून फेरफारापूर्वी संपूर्ण फ्लॅश मेमरीची प्रत काढून ती संगणकावर जपून ठेवणे हाच पुनर्प्राप्तीचा खरा आधार होय. केवळ मेमरी स्टिकवर ठेवलेली प्रत दुरुस्तीसाठी ती स्टिक तयार करताना पुसली जाण्याचा धोका असतो.