डाळ दोघांची असो की चौघांची

धामणगाव रेल्वेच्या बाजारात अश्विन लागला की नव्या सोयाबीनची आवक सुरू होते, पाठोपाठ कापसाचा पहिला वेचा येतो, आणि ऑक्टोबर सरता सरता सूर्य सहाच्या आत मावळू लागतो. शेतातून, दुकानातून किंवा बडनेरा-वर्ध्याहून गाडीने परतलेल्या नवरा-बायकोच्या हाती रात्रीच्या स्वयंपाकासाठी जेमतेम तासभर उरतो. मुलं शिकायला बाहेरगावी, घरात दोघंच. तेव्हा काम निम्मं आणि वेळही निम्मा, असं कुणीही धरून चालेल. प्रत्यक्षात चौघांच्या वरणाला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच दोघांच्या वरणाला लागतो. डाळ शिजायचा वेळ तिच्या वजनावर फारसा ठरत नाही, तो ठरतो एकेका दाण्याच्या जाडीवर. हे एकदा पटलं की चून, कण्या, भरडा, उकडपेंडी या वऱ्हाडी पदार्थांकडे गरिबीची तडजोड म्हणून पाहणं अवघड होतं. शरदातल्या दोघांच्या जेवणाचं कोडं त्यांनी कुकरच्या कितीतरी आधी सोडवलेलं आहे.

डाळ शिजताना मुख्यतः दोन गोष्टी घडतात. दाण्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, आणि पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन सैल होतं. स्टार्च फुगायला साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअस पुरतात, आणि उकळत्या पाण्यात पडलेल्या डाळीच्या गाभ्यापर्यंत एवढी उष्णता पोचायला मिनिटभरही लागत नाही. रेंगाळतं ते पाणी. अन्नाच्या कणातून ओलावा ज्या वेगाने झिरपतो, त्याच्या शेकडो पट वेगाने उष्णता पसरते. शिवाय झिरपण्याचा नियम कडक आहे : अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो, आणि अंतर दहावा हिस्सा केलं की वेळ शंभरावा हिस्सा. हरभऱ्याच्या डाळीची जाडी तीन-चार मिलिमीटर असते, तर बेसनाचा कण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक. म्हणूनच उघड्या पातेल्यात पाऊण तास खाणारी डाळ दळून आणली की पाच-सात मिनिटांत तिचं चून होतं. यातली बरीचशी मिनिटंही पाणी मुरायला लागत नाहीत, पिठाचा कच्चा वास जायला लागतात.

शरद ऋतूत ही तफावत आणखी वाढते, आणि त्याचं कारण डब्यातल्या डाळीच्या वयात आहे. वऱ्हाडात तूर जानेवारीच्या आसपास घरात येते, हरभरा त्यानंतर महिना-दीड महिन्याने. म्हणजे अश्विनातला माल बहुधा ४५ अंशांपर्यंत चढणारा उन्हाळा आणि त्यामागचा दमट पावसाळा सोसलेला असतो. उष्ण आणि दमट साठवणीत कडधान्यं शिजायला हट्टी होतात, हे अन्नविज्ञानाने भरपूर तपासलेलं आहे. त्याचं प्रमुख स्पष्टीकरण असं : दाण्यातल्या फायटेट या द्रव्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून ठेवलेलं असतं. महिनोन् महिने पडून राहिल्यावर फायटेज हे विकर फायटेट फोडतं, सुटलेलं कॅल्शियम पेशींमधल्या पेक्टिनला जाऊन मिळतं आणि ते पेक्टिन पाण्यात सहज विरघळेनासं होतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल, तर बाहेरूनही कॅल्शियमची भर पडते. डाळ शिजत नाही म्हणून दुकानदाराला बोल लावण्याआधी हा हिशेब पाहायला हरकत नाही. चिमूटभर सोडा टाकला की पेक्टिन सुटतं हे खरं, पण त्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वही नासतं आणि चव साबणासारखी होते. त्यापेक्षा मिठाच्या पाण्यात भिजवणं बरं, कारण मिठातलं सोडियम काही प्रमाणात कॅल्शियमची जागा घेतं. फक्त ती आठवण सकाळी व्हायला हवी. दळलेल्या डाळीत हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. पेशी एकमेकींपासून सोडवण्याचं जे काम पेक्टिन विरघळून व्हायचं, ते गिरणीच्या दगडाने आधीच उरकलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप कुकरचा, आणि तो वजनदार आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या भांड्याचं तत्त्वच आजच्या कुकरमध्ये आहे : कोंडलेल्या वाफेच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्यासारख्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून वीस अंशांत तो चौपट होतो. जुनी, हट्टी तूरडाळ अख्खीच शिजवायची तर कुकरला तोड नाही. पण त्याच्या वेळेला दोन टोकं आहेत, भांडं तापून दाब धरेपर्यंतचं आणि दाब उतरेपर्यंतचं. माणसं निम्मी झाली म्हणून ही टोकं निम्मी होत नाहीत. अर्धी वाटी डाळीसाठीही धातू तापवावाच लागतो आणि झाकण उघडायला थांबावंच लागतं. मोठ्या कुटुंबात हा ठरीव खर्च अनेक ताटांवर वाटला जातो, दोघांत तो दोनच ताटांवर बसतो. उघडं पातेलं तर त्याहून उधळं. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेवढी अवघ्या १३० मिलिलिटर पाण्याची वाफ करण्यात संपते.

बारीक कणाचा फायदा मात्र हाताने घालवताही येतो. उकळत्या पाण्यात पीठ एकदम ओतलं की बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आतल्या कोरड्या पिठाची पाण्याशी गाठ पडतच नाही आणि गुठळी होते. गुठळी म्हणजे पुन्हा मोठा दाणाच, तोही न भिजलेला. पीठ आधी गार पाण्यात कालवणं किंवा ढवळत ढवळत थोडं थोडं वैरणं, या दोन्ही सवयी कणाला सुटं ठेवण्यासाठी आहेत.

मग गोळाभाताचं काय? तिथे तर डाळीच्या भरड्याचे लिंबाएवढे गोळे अर्ध्या शिजलेल्या भातात ठेवतात, आणि आतापर्यंतच्या तर्काने ते कच्चे राहायला हवेत. ते राहत नाहीत, कारण गोळा वळताना पाणी आणि तेल भरड्यात हातानेच मुरवलेलं असतं. रेंगाळणाऱ्या पाण्याचा प्रवास चुलीवर चढण्याआधीच संपलेला, उरला तो उष्णतेचा, आणि एवढ्या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत ती भाताच्या वाफेवर दहा-पंधरा मिनिटांत जाते. तेवढाच वेळ भाताला लागतो. एका पातेल्यात धान्य आणि डाळ दोन्ही, वर कढत फोडणीचं तेल आणि चिंचेचं सार. दोघांसाठी याहून नेटकं जेवण सुचवणं कठीण आहे.

आहारशास्त्राच्या अंगाने दुसरा आक्षेप येतो : जेवढं बारीक दळाल, तेवढी रक्तातली साखर झपाट्याने वाढेल. हे खरं आहे. पेशींच्या भिंती शाबूत असल्या तर आतल्या स्टार्चपर्यंत पाचकरस सावकाश पोचतात, आणि दळताना नेमक्या त्याच भिंती फुटतात. तरी हरभऱ्यातल्या प्रथिनांमुळे आणि तंतूंमुळे बेसन मैद्याच्या पंगतीला बसत नाही. ज्याला जपायचं आहे त्याच्यासाठी भरडा आणि कण्या हा मधला मार्ग आहेच, त्यांत बऱ्याच पेशी अख्ख्या राहतात. चून-भाकरीतल्या प्रथिनांबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. ज्वारीत लायसिन कमी असतं, हरभरा ते पुरवतो. अर्थात ही जोडी एकाच ताटात हवी हा आग्रह जुना झाला. दिवसभराच्या खाण्यात दोन्ही आली तरी भागतं, असं व्हर्नन यंग आणि पीटर पेलेट यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं.

एकदाच जास्त रांधून दोन रात्री खावं, ही सूचना वरणापुरती चालेल, तेही तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं तर. भाताबाबत ती जोखमीची आहे. बॅसिलस सिरीयस या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तग धरतात आणि कोमट भातात पुन्हा वाढू लागतात. त्यांचं उलटी आणणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात पातेलं ओट्यावर रात्रभर राहिलं तर या जिवाणूला आणखी काही लागत नाही.

पिठाची खरी कमजोरी वेगळीच आहे. दळताना तेलाचा अंश हवेला उघडा पडतो आणि पीठ खवट होऊ लागतं, त्यामुळे दोघांच्या घरात पाच-पाच किलोचं दळण चुकीचं. आठवड्यापुरतं दळून आणणं धामणगावसारख्या गावात जड जाऊ नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी दालमिलमुळे लहान प्रमाणात डाळ करणंही गावपातळीवर आलं आहे. आणखी एक पथ्य क्रमाचं. पावसाळ्यात वाढलेली अंबाडी या दिवसांत जेवणात असतेच, पण तिचा आंबटपणा पेक्टिनला सुटू देत नाही. म्हणून डाळ आणि कण्या आधी शिजाव्यात, अंबाडी मागून पडावी. मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या शेंगांतून हिरवे सोले निघू लागले की मात्र हे गणित उलटतं. त्यांच्यात पाणी भरलेलंच असतं, कॅल्शियमने पेक्टिन अजून घट्ट केलेलं नसतं, आणि तूर अख्खी असूनही झटपट शिजते.