दुर्बिणीचं ऑपरेशन आणि घरातले सल्ले

पाळीत पोट इतकं दुखतं की शाळा बुडते, कामाचा दिवस जातो, शौचालासुद्धा कळ येते, आणि घरातलं उत्तर ठरलेलं असतं: बायकांचं दुखायचंच. अशी वर्षं काढल्यावर कुणी डॉक्टर ‘एंडोमेट्रिओसिस असू शकतो, दुर्बिणीतून बघू’ म्हणतात. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर, कुठेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण दहापैकी एका स्त्रीला तो असतो. अलोऱ्यासारख्या कोकणातल्या गावातल्या बाईला या ऑपरेशनसाठी चिपळूण, डेरवण किंवा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड गाठावं लागतं. तिथे पोहोचण्याआधी आणि परत आल्यावर शेजारपाजारचे सल्ले मिळतात. त्यातले काही बिनधोक असतात, काही मात्र खरोखर नुकसान करतात. म्हणून हा लेख.

पहिला गैरसमज डॉक्टरांकडे जाण्याआधीचाच: दुर्बीण घातल्याशिवाय निदानच होत नाही. एके काळी तसंच मानत. पण युरोपातल्या मानवी प्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे ईएसएचआरईने, 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत ही भूमिका बदलली. अनुभवी हाताने केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांत अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) आणि खोलवरचा आजार बऱ्याचदा दिसतो. काहीच दिसलं नाही तरी लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करून पाहता येतात. तपासण्यांत काही सापडत नाही, गोळ्यांनी भागत नाही किंवा त्या चालत नाहीत, तेव्हा दुर्बीण. उलट बाजूने, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असंही नाही. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. अविवाहित मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे बहुधा पोटावरूनच होते, त्यात तर आणखी कमी दिसतं. सीए-125 नावाच्या रक्ततपासणीवरूनही या आजाराचं निदान करू नये. तो आकडा इतर कारणांनीही वाढतो, आणि आजार असून नॉर्मलही येतो.

आता सहीविषयी. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तयारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उपास आणि एनिमा येतो, आणि संमतीपत्र मात्र दाखल होताना घाईत, न वाचता सही करायचा कागद समजला जातो. ‘नवऱ्याची सही झाली, आता डॉक्टर बघतील काय ते,’ हे वाक्य रुग्णालयाच्या बाकावर सहज ऐकू येतं. दोन्ही भाग चुकीचे आहेत. 1995 साली दिल्लीत 44 वर्षांची एक अविवाहित बाई फक्त तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीतून बघण्यासाठी, दाखल झाली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांना एंडोमेट्रिओसिस दिसला. बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांनी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढून टाकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी 2008 मध्ये निकाल लागला: तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायला दिलेली संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आणि विचार करू शकणारी असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या वतीने आईलासुद्धा होकार देता येत नाही. डॉक्टरांची फी न्यायालयाने नाकारली आणि 25,000 रुपये भरपाई दिली. रक्कम फार नाही, पण तत्त्व प्रत्येक बाईच्या कामाचं आहे.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारायचे. फक्त बघणार की सापडलं तर त्याच वेळी काढणार? आतड्याला किंवा मूत्राशयाला चिकटलेलं निघालं तर तेही काढणार, की थांबून पुढे मोठ्या ठिकाणी पाठवणार? पोट उघडावं लागलं तर? मूल हवं असेल तर आणखी एक प्रश्न: चॉकलेट सिस्ट काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो आणि स्त्रीबीजांचा साठा कमी होऊ शकतो, त्याचा विचार काय केला आहे? ‘काहीही झालं तरी माझं गर्भाशय काढायचं नाही’ असं असेल तर ते संमतीपत्रावर लिहून घेता येतं. सही बाईची स्वतःची. नवऱ्याने, सासूने सोबत असावं, समजून घ्यावं, पण कायद्याने त्यांची परवानगी लागत नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन आणि ते रुग्णालय बसतं का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं.

‘आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही’ हा नियम अजून अनेक घरांत पाळला जातो. सकाळचा नंबर दुपारी लागला की बाई सुकून जाते. भुलीच्या आजच्या नियमांप्रमाणे जेवण निदान सहा तास आधी थांबवायचं, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. आपला चहा दुधाचा, त्यामुळे तो पाण्यात धरायचा नाही, खाण्यात धरायचा. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच खरी. एनिमा किंवा पोट साफ करण्याचं औषध सगळ्यांना लागत नाही. आतड्यावर काम करावं लागेल अशी शंका असेल तर डॉक्टर सांगतात. पाळी आली म्हणून ऑपरेशन रद्दच होतं, असंही नाही. फोन करून कळवायचं, एवढंच.

भूलतज्ज्ञांपासून एक गोष्ट हमखास लपवली जाते, ती म्हणजे मिश्री. सासरच्या माणसांसमोर बाई ‘तंबाखूचं काही नाही’ म्हणते. पण मिश्रीतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, जखम भरून यायला वेळ लावतं आणि भुलीचा धोका वाढवतं. काही आठवडे आधी सोडली तर उत्तम. नाही जमलं तर निदान खरं सांगावं, हवं तर एकटीने बोलायचंय म्हणावं. वैद्यांचे काढे, गुडघेदुखीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, सगळ्यांची नावं सांगायची. नखांचं पॉलिश काढायचं, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यातून शरीरातला ऑक्सिजन मोजतात. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी घरीच उतरवून ठेवावीत. आत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवतात, आणि अंगावरच्या धातूने भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र उतरवणं अपशकुनाचं वाटतं, हे मला कळतं. सासूबाईंनीच ते आपल्या हाताने काढून पदरात बांधून ठेवलं, तर सुनेच्या मनावरचं ओझं उतरतं.

शुद्धीवर आल्यावर सगळ्यात जास्त घाबरवतो तो खांदा. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो उजवा खांदा, कधी दोन्ही. घरच्यांना वाटतं, टेबलावर हात आखडला, नाहीतर वात धरला. मग तेल चोळणं सुरू. खरं कारण असं: आतलं दिसावं म्हणून बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि पोट तंबूसारखं उचलून धरतात. शेवटी वायू बाहेर काढतात, तरी थोडा राहतो. तो श्वासपटलाला टोचतो. श्वासपटलाची आणि खांद्याची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या नसा मानेतल्या एकाच पातळीवरून निघतात, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. उरलेला वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो, आणि दोन-तीन दिवसांत ठणका जातो. चालणं, गरम पाण्याची पिशवी आणि लिहून दिलेली वेदनाशामक गोळी पुरते. मात्र छातीत दुखून धाप लागत असेल तर तो वायू समजून घरी बसू नये.

‘भात खाऊ नको, टाके पिकतील.’ वांगं, बटाटा, आंबट, हरभऱ्याची डाळ, घरागणिक यादी वाढत जाते. कोकणात भात बंद करायचा म्हणजे बाईला उपाशीच ठेवायचं. टाके पिकतात ते जंतूंमुळे: जखम ओली राहिली, मळके हात लागले, साखर ताब्यात नसली तर. भाताचा त्याच्याशी काही संबंध नाही. पहिला दिवस पेज किंवा मऊ भात, मग डाळ, अंडी, मासे, कुळथाचं पिठलं असं रोजचं जेवण. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती पथ्याच्या नावाखाली तोडली तर उलटाच परिणाम होतो. पाणी भरपूर प्यावं, कारण काही वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला कडक होते. बेंबीतल्या जखमेवर हळद, खोबरेल, राख काहीही लावायचं नाही. अंघोळ कधी करायची ते विचारून घ्यायचं आणि नंतर जागा टिपून कोरडी करायची.

विश्रांतीच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एका घरात बाळंतिणीसारखं पंधरा दिवस खाटेवर. हे धोक्याचं, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. त्याच दिवशी आधाराने उठून चार पावलं चालायला हवं. दुसऱ्या घरात, ‘एवढीशी तर भोकं, टाका तरी दिसतोय का?’ म्हणत तिसऱ्या दिवशी चुलीपुढे. बाहेरची छिद्रं अर्धा ते एक सेंटीमीटरची असतात. आत मात्र आतडं सोडवलेलं असू शकतं, सिस्ट काढलेली असू शकते, पोटाचं आतलं अस्तर खरवडलेलं असू शकतं. फक्त तपासणी झाली असेल तर बहुतेक जणी आठवड्याभरात हलक्या कामाला लागतात. बरंच काही काढलं असेल तर चार ते सहा आठवडेही लागतात. तोवर पाण्याचा हंडा, गॅसचं सिलिंडर, भाताचा भारा, कडेवरचं मूल यांतलं काही उचलायचं नाही. घाटातून घरी येताना पोटावर उशी धरून वर पट्टा लावावा, म्हणजे वळणावर हिसका कमी बसतो. काही दिवस थोडं रक्त जाईल. पुढची पाळी जास्त दुखरीही असू शकते. तेवढ्यावरून ऑपरेशन फसलं म्हणू नये.

‘काही सापडलं नाही’ हा निकाल काही घरांत ‘म्हणजे नाटकच होतं’ असा वाचला जातो. हे ऐकलं की मला राग येतो. ठिपके नजरेतून सुटू शकतात. गर्भाशयाच्या स्नायूत असलेला अ‍ॅडिनोमायोसिस दुर्बिणीतून सहसा दिसत नाही. ओटीपोटाचे स्नायू आणि आतडी यांचंही दुखणं असतं. बाई दुखतंय म्हणते ते दुखतंय म्हणूनच. आणि एंडोमेट्रिओसिस सापडून काढला, तरी तो परत येऊ शकतो. लगेच मूल नको असेल तर नंतर हार्मोनचं औषध का देतात, त्याचं कारण हेच. ‘लग्न करा, मूल झालं की बरी होईल’ हा उपचार नव्हे. गरोदरपणात काहींना आराम पडतो, काहींना नाही.

‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला महाराष्ट्राने वेगळ्या रूपात भोगला आहे. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढल्याचं 2019 मध्ये चर्चेत आलं, आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एंडोमेट्रिओसिसमध्ये आजार गर्भाशयाच्या बाहेर असतो. तो तसाच ठेवून पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं.

घरी आल्यावर एकच हिशेब ठेवायचा: दुखणं रोज कालच्यापेक्षा थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत चाललं, पोट फुगलं, उलट्या थांबेनात, ताप 38 अंश सेल्सियसवर गेला, लघवी होईना, पोटरी सुजून दुखू लागली किंवा तासाला पॅड भिजू लागलं, तर सकाळची वाट पाहू नये. आतड्याला झालेली इजा कधी कधी काही दिवसांनी कळते. 108 ला फोन करावा. ऑपरेशनची तारीख आणि आत काय काढलं हे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावं. डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं. बायोप्सीचा अहवाल आणि दुर्बिणीतले फोटो मागून घेतलेले असतील तर तेही त्याच पिशवीत घालावेत.