श्रोत्रेंद्रियाची जपणूक आणि इअरफोनची निवड

जैन दर्शनाने शब्दाला आकाशाचा गुण मानले नाही. त्याला पुद्गलाचा पर्याय म्हटले. डोळा आपल्या विषयाला स्पर्श न करता पाहतो, कान मात्र शब्दरूप पुद्गलांचा स्पर्श झाल्यावरच ऐकतो, असे तत्त्वार्थसूत्राचे टीकाकार सांगतात. कानाच्या नळीत बसणारा इअरफोन हाती घेतला की हा विचार अगदी व्यवहाराचा होऊन जातो. येथे ध्वनी खोलीभर फिरून येत नाही. पडद्यापासून जेमतेम दोन सेंटिमीटर अंतरावरून, बंदिस्त हवेच्या इवल्या स्तंभातून तो थेट पडद्यावर येतो. म्हणूनच अशा वस्तूची निवड केवळ किमतीकडे आणि जाहिरातीकडे पाहून करणे योग्य नव्हे.

भ्रमणध्वनीतून इअरफोनचे भोक नाहीसे होण्यास 2016 च्या आयफोन 7 पासून वेग आला. आयपॉडचे उत्पादनही 2022 मध्ये थांबले. तरीही केवळ ऐकण्यासाठी असलेला खिशातला प्लेअर संपलेला नाही. सोनी, फिओ, अ‍ॅस्टेल अँड कर्न यांचे प्लेअर आजही मिळतात. स्तवन रंगात आले असताना मध्येच संदेशाची घंटा वाजत नाही, हे त्यांचे सुख मोठे आहे. अशा प्लेअरसाठी चांगला इअरफोन घ्यायचा ठरला की बाजारात काही हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंतची रांग समोर उभी राहते आणि घरातले कर्ते माणूस गोंधळून जाते.

या वस्तूचा उगम मात्र चैनीत नाही. अमेरिकेतील मीड किलियन हे श्रवणविज्ञानाचे अभ्यासक. त्यांच्या एटिमोटिक रिसर्च या संस्थेने 1991 मध्ये ईआर-4 हा इअरफोन आणला. त्यात वापरलेले ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हे चिमुकले यंत्र श्रवणयंत्रांतून, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांच्या सोयीसाठी घडलेल्या साधनांतून आले होते. पुढे रंगमंचावरच्या गायक-वादकांनी ते स्वीकारले आणि मग ते सामान्य श्रोत्यांकडे आले. दुसरा प्रकार ‘डायनॅमिक’, म्हणजे स्पीकरसारखाच पातळ पडदा आणि तारेचे वेटोळे, फक्त आकाराने लहान. आर्मेचर एका कानात तीन, चार किंवा अधिकही बसवतात आणि विक्रेता तो आकडा अभिमानाने सांगतो. पण आकड्यावरून गुण ठरत नाही. सेनहायझरच्या आयई 900 या अतिशय महाग नमुन्यात प्रत्येक कानासाठी 7 मिलिमीटरचा एकच पडदा आहे.

खरा प्रश्न आहे तो टोकावरच्या टोपीचा, म्हणजे टिपचा. दोन माणसांच्या कानांच्या नळ्या सारख्या नसतात. एकाच माणसाचे दोन कानही पुष्कळदा वेगळे असतात. टिप नीट हवाबंद बसली नाही तर खालचे स्वर फटीतून निसटतात. तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो, हार्मोनियमचा खर्ज विरतो, गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. श्रोता म्हणतो, इअरफोन हलका आहे, आणि आवाज वाढवतो. हानी सुरू होते ती येथेच. दहा हजारांचा नीट बसलेला इअरफोन पन्नास हजारांच्या सैल बसलेल्या इअरफोनपेक्षा निःसंशय चांगला वाजतो. म्हणून खोक्यात असलेल्या सगळ्या आकारांच्या टिप्स दोन्ही कानांत आलटूनपालटून लावून पाहाव्यात. कानाची पाळी दुसऱ्या हाताने वर-मागे ओढून टिप आत सरकवावी; नळी किंचित सरळ होते आणि टिप जागेवर बसते. सिलिकॉनच्या टिप्स धुता येतात व टिकतात. फोमच्या टिप्स बोटांनी दाबून आत घातल्यावर फुगून कानाचा आकार घेतात, पण काही महिन्यांत त्या बदलाव्या लागतात. आजोबा आणि नातू एकच इअरफोन वापरत असतील तर प्रत्येकाच्या टिप्स वेगळ्या असाव्यात. कानातला मळ आणि संसर्ग यांची देवाणघेवाण कशाला?

हवाबंद बसण्याचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. शुअरच्या एसई215 या बऱ्याच काळापासून विकल्या जाणाऱ्या नमुन्यात बाहेरचा आवाज 37 डेसिबलपर्यंत कमी होतो, असे कंपनी सांगते. एसटीच्या इंजिनाचा घरघराट बाहेर राहिला म्हणजे आतील आवाज त्याच्यावर चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलची पातळी आठवड्याला 40 तासांपर्यंत चालते, मुलांसाठी 75 डेसिबल. पुढे दर 3 डेसिबलला हा अवधी निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10 तास. 95 डेसिबलला तो आठवडाभरात मिळून अवघा सव्वा तास उरतो. अंतर्कर्णातील केसासारख्या संवेदनशील पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला इअरफोन भेट देताना प्लेअरमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून देणे, हा त्या भेटीचाच भाग समजावा.

वयस्कर श्रोत्यांची अडचण निराळी. वयोमानाने प्रथम जातात ते वरचे स्वर आणि त्यांच्याबरोबर स, श, फ यांसारख्या व्यंजनांची स्पष्टता. प्रवचन ‘ऐकू येते पण कळत नाही’ ही तक्रार त्यामुळे होते. आवाज वाढवून ती जात नाही. अशा वेळी महागड्या इअरफोनवर खर्च करण्यापूर्वी श्रवणतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

प्लेअर आणि इअरफोन यांची जोडी जमते का, हेही पाहावे लागते. इअरफोनचा विद्युत अवरोध ओहममध्ये सांगतात. एसई215 चा अवरोध 17 ओहम, तर शुअरच्याच चार आर्मेचरच्या एसई846 चा केवळ 9 ओहम. प्लेअरचा स्वतःचा अवरोध इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा साधा नियम आहे. तो पाळला नाही तर अनेक आर्मेचरच्या इअरफोनमध्ये स्वरांचा समतोल बिघडतो. अतिसंवेदनशील इअरफोनमध्ये प्लेअरची बारीक खरखरही ऐकू येते.

काय ऐकायचे आहे, यावर तर पुष्कळच अवलंबून आहे. सभागृहातल्या एका मायक्रोफोनवर मुद्रित होऊन दाबून लहान केलेले प्रवचन कितीही किमती इअरफोनने सुधारत नाही. उलट पंख्याचा आवाज, खोकला आणि मुद्रणाची सरसर अधिक उठून दिसते. प्रामुख्याने प्रवचने ऐकणाऱ्याने मध्यम किमतीच्या पुढे जाऊ नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांच्याकडे शास्त्रीय संगीताच्या किंवा भक्तिसंगीताच्या चांगल्या सीडी आहेत आणि त्या एफएलएसीसारख्या न घटवलेल्या स्वरूपात प्लेअरमध्ये घेतल्या आहेत, त्यांना तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकण्याचा आनंद मिळेल. भक्तामर स्तोत्र सोबत म्हणत पाठ करू इच्छिणाऱ्यांना मात्र ही जातच सोयीची नाही. कान बंद झाल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि उच्चार नेमका पारखता येत नाही. त्यांच्यासाठी कानावर हलके टेकणारा उघडा हेडफोन किंवा साधा लहान स्पीकर बरा.

सामायिकात अनेक परंपरांमध्ये विजेची साधने वर्ज्यच असतात, त्यामुळे तेथे प्रश्न उद्भवत नाही. रस्त्याने चालताना मात्र तो येतो. वाट पाहून, जीव जपून चालण्याचा जो संस्कार ईर्यासमितीने दिला, त्याच्याशी दोन्ही कान बंद करून चालणे जुळत नाही. मागून येणारी दुचाकीही ऐकू येत नाही, ते वेगळेच.

भोगोपभोगाचे परिमाण घेतलेल्या घरांत एकदाच विचारपूर्वक घेऊन वर्षानुवर्षे वापरणे हेच धोरण बसते. त्या दृष्टीने तार सुटी करता येणारा नमुना पाहावा. पुष्कळदा आधी मोडते ती तार, आणि ती बदलता आली तर संपूर्ण इअरफोन कचऱ्यात जात नाही. जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने काढावा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. आणि पैसे देण्यापूर्वी ती डबी कशाची आहे, हे विचारावे. वरच्या किमतीच्या काही इअरफोनसोबत, आणि काही प्लेअरच्या आवरणातही, खरे चामडे असते. खोक्यावर ते बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. कापडी, सिलिकॉनची किंवा कडक प्लास्टिकची डबी बाजारात स्वतंत्र मिळते. चामड्याची डबी नको असल्याचे दुकानदाराला आधीच सांगितले, तर पुष्कळदा तो खोक्यातली डबी काढून घेऊन दुसरी देतो.